राजेसाहेबांच्या अंगावरचा पट्टा आणि तारा नेमका कसा? (नाटकासाठी माहिती हवी)

वृंदा_वेशभूषा (सांगली)

नमस्कार मंडळी,

मी एका हौशी नाट्यसंस्थेची वेशभूषा सांभाळते. यंदा राज्य नाट्य स्पर्धेला नवी संहिता घेतली आहे. काळ १९०३, दिल्ली दरबार नुकताच होऊन गेलाय. कृष्णाकाठचं एक छोटं, काल्पनिक संस्थान, नऊ तोफांची सलामी असलेलं. राजेसाहेब, राणीसाहेब, दिवाण, एक रावबहादूर आणि पोलिटिकल एजंट (संस्थानावर नजर ठेवणारा इंग्रज सरकारचा अधिकारी) अशी मुख्य पात्रं.

दुसऱ्या अंकात दरबाराचा प्रवेश आहे. राजेसाहेब पूर्ण पोशाखात येतात आणि पुढची पंधरा मिनिटं सगळं बोलणं त्यांना मिळालेल्या आणि न मिळालेल्या मानाभोवती फिरतं. दिग्दर्शकाने मला एका मोठ्या महाराजांच्या जुन्या फोटोची प्रिंट दिली आहे. त्यात खांद्यावरून कमरेपर्यंत रुंद पांढरा पट्टा, छातीवर तारा, गळ्यात जाड साखळी दिसते. त्याला हुबेहूब हेच हवंय. ड्रेपरीवाल्याकडून आला तो लाल साटीनचा पट्टा, सोनेरी काठाचा, आणि सोबत आठ टोकांचा क्रूस. तो पट्टा आणि तो क्रूस आमच्याकडच्या नाटकांत सेनापतीपासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांनी घातलाय.

मला हे असं स्टेजवर न्यायचं नाही. पट्टा खरंच पांढरा होता का? कुठल्या खांद्यावरून जायचा? दिवाणाच्या आणि रावबहादुरांच्या अंगावर काय द्यायचं? राणीसाहेबांना काही असतं का? शिलाईला अजून वेळ आहे, तेव्हा मुळापासून सांगितलंत तरी चालेल.

रेखाकला_मास्तर (पुणे)

वृंदाताई, प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर जुनी पदकं, फिती, दरबारांचे फोटो यांतच वेळ जातो. नाटकात आणि मालिकांत संस्थानिक आला की अंगावर काहीही चमकतं चढवलेलं असतं आणि ते बघताना जीव तुटतो, कारण त्या काळात छातीवरची एकेक वस्तू लोक वाचायचे. कोण कुठल्या पायरीवर उभा आहे हे तोंड उघडायच्या आधी कळायचं.

पहिलं म्हणजे तो पट्टा पांढरा नाही, फिकट निळा आहे. काठाला दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी. फोटोत पांढरा दिसतो कारण त्या काळच्या काचेच्या प्लेटवर निळा रंग भरभरून उमटायचा आणि लाल जवळजवळ उमटायचाच नाही. आकाशी रंग पांढरा पडायचा, लाल रंग काळा. जुन्या फोटोवरून कापड निवडताना हे कायम लक्षात ठेवा. ड्रेपरीवाल्याने दिलेला लाल पट्टा १९०३ च्या फोटोत जवळपास काळा आला असता.

फिकट निळा, पांढऱ्या काठाचा पट्टा म्हणजे ‘स्टार ऑफ इंडिया’. व्हिक्टोरिया राणीने १८६१ मध्ये हा किताब सुरू केला. सत्तावन्नचा उठाव होऊन गेला होता, कंपनी जाऊन राज्य थेट राणीकडे आलं होतं, आणि जे संस्थानिक इंग्रजांच्या बाजूने राहिले त्यांना सिंहासनाशी बांधून ठेवायचं होतं. पहिल्याच यादीत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, बडोद्याचे खंडेराव गायकवाड, इंदूरचे तुकोजीराव होळकर (दुसरे) ही तिन्ही मराठी घराणी आहेत. सुरुवातीला एकच वर्ग होता. १८६६ मध्ये तीन झाले: सगळ्यात वर जी.सी.एस.आय. (नाइट ग्रँड कमांडर), मग के.सी.एस.आय., मग सी.एस.आय.

बिल्ला कसा होता ते नीट सांगतो, कारण नाटकवाले इथेच घसरतात. वर पाच टोकांचा तारा. त्याच्याखाली लंबगोल, त्यात गोमेदासारख्या थरांच्या दगडात कोरलेला व्हिक्टोरियाचा अर्धमुखवटा. भोवती निळ्या मीनाकामाचं कडं, त्यावर ‘हेवन्स लाइट अवर गाइड’ हे ब्रीद, अक्षरं हिऱ्यांची. क्रूस कुठेही नाही. इंग्लंडच्या बाकी किताबांत क्रूस असतो, पण हिंदू, मुसलमान, शीख राजे ख्रिस्ती खूण अंगावर घेणार नाहीत हे ओळखून तो मुद्दाम टाळला. वरच्या वर्गाच्या नावात ‘क्रॉस’ऐवजी ‘कमांडर’ आलं तेही त्यामुळेच. तेव्हा तो आठ टोकांचा क्रूस आजच परत पाठवा.

जी.सी.एस.आय.चा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला जातो, बिल्ला कमरेपाशी लोंबतो. डाव्या छातीवर सोन्याचा गोल किरणांचा तारा. मोठ्या समारंभात गळ्यात सोन्याची साखळी (तिला कॉलर म्हणतात), तिच्यात कमळं, ताडाच्या फांद्या आणि लाल-पांढरी गुलाबं एकाआड एक. अंगावर फिकट निळ्या साटीनचा, पांढऱ्या रेशमी अस्तराचा पायघोळ झगा. तुमच्या दिग्दर्शकाकडचा फोटो याच वर्गातल्या महाराजांचा आहे.

पण ताई, हे सगळं तुमच्या राजेसाहेबांना नाही.

नऊ तोफांच्या संस्थानिकाला जी.सी.एस.आय. देण्याची पद्धत नव्हती. तो मान बडोदा, ग्वाल्हेर, कोल्हापूर यांच्या तोलाचा. सलामीच्या तोफा जितक्या जास्त तितका मान मोठा: बडोद्याला एकवीस तोफा, कोल्हापूरला एकोणीस. शाहू महाराजांना जी.सी.एस.आय. मिळाला १८९५ साली, गादीवर आल्यानंतरच्या वर्षी. कृष्णाकाठचा छोटा राजा सरकारच्या मर्जीत असेल तर त्याला मिळेल के.सी.आय.ई., म्हणजे ‘इंडियन एम्पायर’ या दुसऱ्या, धाकट्या किताबाचा मधला वर्ग. आणि मधल्या वर्गाला पट्टाच नसतो. कॉलर नाही, झगा नाही. गळ्यात फितीवर एक बिल्ला आणि डाव्या छातीवर चांदीचा तारा, एवढंच.

दिग्दर्शक म्हणेल, मग एंट्रीचा डौल गेला. मला उलट वाटतं. तुम्ही लिहिलंय की संवाद न मिळालेल्या मानाभोवती फिरतात. तो न मिळालेला मान म्हणजे हाच पट्टा. दिल्लीत त्याने तो शेजारच्या राजाच्या खांद्यावर बघितलाय. स्वतःच्या खांद्यावर अंगरख्याचं नुसतं रेशीम आहे. नटाला हे एकदा सांगा आणि तालमीत त्याचा उजवा हात कुठे जातो ते बघा.

‘इंडियन एम्पायर’च्या बिल्ल्याचं सविस्तर उद्या लिहितो, डोळे थकले आज.

वृंदा_वेशभूषा

मास्तर, तुमचं लिहिणं दिग्दर्शकाला फोनवर वाचून दाखवलं. पहिल्यांदा गप्प बसला, मग म्हणाला पट्टा काढ. एवढ्या लवकर तो कधीच ऐकत नाही.

दोन अडचणी. संहितेत एजंट दिवाणाला ‘सर सदाशिव’ म्हणतो आणि दिवाण सी.आय.ई. आहे असा उल्लेख आहे. त्यांना गळ्यात काय देऊ? आणि रावबहादुरांना लेखकाने ‘छातीवर रावबहादुरकीचं पदक’ असं कंसात लिहिलंय.

कारेलीबागकर (वडोदरा)

मास्तरांनी पायऱ्या छान उलगडल्या. मी राणीसाहेबांचं सांगतो, कारण आमच्या बडोद्याशी ते जोडलेलं आहे.

बायकांसाठी वेगळा किताब होता, ‘क्राउन ऑफ इंडिया’. १८७८ च्या पहिल्या दिवशी सुरू झाला. पहिल्या काही मानकऱ्यांत बडोद्याच्या महाराणी जमनाबाईसाहेब होत्या. याच खंडेराव महाराजांच्या पत्नी, आणि यांनीच कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं, ते पुढे सयाजीराव महाराज झाले. बिल्ला फार देखणा: व्ही, आर, आय ही राणीची आद्याक्षरं एकात एक गुंफलेली, व्ही हिऱ्यांचा, आर मोत्यांचा, आय पिरोजाचा. भोवती मोत्यांची कड आणि वर मुकुट. तो फिकट निळ्या, पांढऱ्या काठाच्या फितीच्या फुलाला अडकवून डाव्या खांद्याशी लावायचा. मराठी पद्धतीने पदर घेतला की नेमकी तीच जागा पदराखाली जाते, तेव्हा पदर उजवीकडून सावरून घ्यावा लागेल किंवा फूल पदरावरच टाचावं लागेल. पण नऊ तोफांच्या राणीसाहेबांना हा मान दाखवणं मला जड वाटतं. त्यांना घराण्याची नथ आणि तन्मणी द्या, ते जास्त बोलेल.

मूळच्या ‘स्टार ऑफ इंडिया’त मात्र एक बाई पहिल्या दिवसापासून होती: भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम. १ नोव्हेंबर १८६१ ला अलाहाबादला लॉर्ड कॅनिंगच्या हस्ते शिंदे, पतियाळा, रामपूर यांच्याबरोबर त्यांनी तो स्वीकारला. त्या स्वतः राज्य चालवत होत्या, म्हणून राजांच्या रांगेत. तुमच्या संहितेत एखादी करारी बाई या गोष्टीचा दाखला देऊ शकेल.

आणखी एक, पुढच्या काळातलं आहे पण नटांना सांगण्यासारखं. सयाजीराव महाराजांना १८८७ पासून जी.सी.एस.आय. होता. १२ डिसेंबर १९११ ला दिल्लीत पंचम जॉर्जसमोर एकेक राजा मुजऱ्याला गेला. महाराज दागिने उतरवून साध्या पोशाखात गेले, एकदाच मान झुकवली आणि पाठ वळवून चालू लागले. त्यावरून विलायतेत केवढं वादळ झालं, महाराजांना खुलासा द्यावा लागला. अंगावर काय नाही यावरूनसुद्धा साम्राज्य हादरायचं. तेव्हा मास्तरांचा पट्टा काढण्याचा सल्ला मला शंभर टक्के पटतो.

रेखाकला_मास्तर

कारेलीबागकर, जमनाबाईसाहेबांचा उल्लेख केलात, आनंद झाला. राणीसाहेबांबद्दल तुमचंच बरोबर.

वृंदाताई, आधी ‘सर सदाशिव’ काढून टाका. सी.आय.ई. हा ‘इंडियन एम्पायर’चा खालचा वर्ग, त्याला ‘सर’ लागत नाही. ‘सर’ लागतो मधल्या वर्गापासून वर. आपल्याकडची दोन उदाहरणं लेखकाला सांगा. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८९ मध्ये सी.आय.ई. झाले, पण ‘सर रामकृष्ण’ झाले १९११ मध्ये के.सी.आय.ई. मिळाल्यावर. नामदार गोखले १९०४ मध्ये सी.आय.ई. झाले. १९१४ मध्ये त्यांना के.सी.आय.ई. देऊ केला, त्यांनी तो घेतला नाही, म्हणून गोखले कधीच ‘सर’ नव्हते. तुमचा एजंट अशा बाबतीत कधीच चुकणार नाही, त्याची अर्धी नोकरी याच शिष्टाचारावर चालते. तो म्हणेल ‘दिवाणसाहेब’ किंवा नुसतं ‘दिवाण’. आणि राजेसाहेबांना ‘सर’ लागतो हे तो आवर्जून, हळू उच्चारेल.

दिवाणाच्या गळ्यात काही नको. सी.आय.ई.चा बिल्ला गळ्यात आला १९१७ पासून. १९०३ मध्ये तो डाव्या छातीवर, आखूड फितीवर लटकायचा. पुढच्या काळातले फोटो बघून सगळे गळ्यात घालतात.

रावबहादुरांच्या छातीवर काहीच नको. रावबहादूर, खानबहादूर या पदव्यांना बिल्ला मिळाला तो १९११ च्या दिल्ली दरबारापासून. त्याआधी नुसतं नावापुढे लावायचं. मला हे नाटकासाठी सोन्यासारखं वाटतं: तीन माणसं शेजारी उभी, एकाच्या गळ्यात आणि छातीवर, एकाच्या नुसत्या छातीवर, एकाच्या अंगावर काही नाही. प्रेक्षकाला एक अक्षर न बोलता उतरंड दिसली.

आता बिल्ला. ‘इंडियन एम्पायर’ सुरू झाला १८७८ मध्ये, राणी ‘एम्प्रेस’ झाल्याच्या बरोबर वर्षानंतर. पहिल्यांदा फक्त खालचा वर्ग होता, १८८७ पर्यंत तिन्ही झाले. फीत जांभळट गडद निळी, काठ नाही. बिल्ला म्हणजे पाच पाकळ्यांचं लाल गुलाब. पाकळ्यांच्या मधून हिरवी टोकं डोकावतात. मधोमध सोन्यात व्हिक्टोरियाचं मुख, भोवती जांभळट निळं कडं, त्यावर लॅटिन ब्रीद ‘इम्पेरॅट्रिसिस ऑस्पिसिइस’, म्हणजे सम्राज्ञीच्या छत्राखाली. वर मुकुट. अगदी सुरुवातीच्या बिल्ल्यांवर पाच पाकळ्यांवर इंडिया या शब्दाची पाच इंग्रजी अक्षरं, पाकळीमागे एक, अशी असायची. नंतर बिल्ला लहान केला आणि अक्षरं गेली. तुमच्या दिवाणाला मान कधी मिळाला ते ठरवा. म्हातारा असेल आणि सुरुवातीच्या वर्षांत मिळालेला असेल तर अक्षरांचा मोठा बिल्ला द्या. तरुण एजंटच्या छातीवर बिनअक्षरांचा लहान. दोन पिढ्या दिसतील.

कुणीतरी हमखास म्हणेल की १९०३ ला सातवा एडवर्ड होता, मग व्हिक्टोरिया कशी? दोन्ही किताबांवर तिचंच मुख शेवटपर्यंत राहिलं. ते बदलू नका.

एडवर्ड हवाच असेल तर त्याची जागा वेगळी आहे. १ जानेवारी १९०३ च्या दिल्ली दरबाराचं गोल पदक होतं, पुढच्या बाजूला एडवर्डचं मुख, मागे फारसी मजकूर. फीत फिकट निळी, त्यात तीन बारीक गडद निळ्या रेषा. राजांना सोन्याचं, बाकीच्यांना चांदीचं. तुमचे राजेसाहेब नुकतेच दिल्लीहून आलेत, हे पदक त्यांच्या छातीवर असलंच पाहिजे, आणि नवं कोरं, लखलखीत. गळ्यातला गुलाबाचा बिल्ला मात्र थोडा जुना, पाकळ्यांच्या कडेचा मीना झिजलेला.

गळ्यातल्या फितीवर मोत्यांचा कंठा चढवू नका. बिल्ला गळ्याच्या खळगीच्या जरा खाली, अंगरख्याच्या बंद गळ्यावर बसतो. कंठा त्याच्याखालून सुरू व्हायला हवा, नाहीतर दोन्ही वस्तू एकमेकींत अडकतात आणि नट प्रवेशभर मान हलवत बसतो.

तारा करायची कृती. के.सी.आय.ई.चा तारा चांदीचा, दहा टोकांचा, तळहातात मावेल एवढा. पार्सलच्या डब्याचं जाड ॲल्युमिनियम घ्या, दुकानातली पातळ फॉइल नको. दहा टोकं कापा. जुन्या पाठ्यपुस्तकावर उलटं ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने मध्यापासून टोकापर्यंत रेषा दाबत जा, एक खोल, एक उथळ. उलटवलं की किरण उठून येतात. शाळेत मुलांकडून मी मेटल एम्बॉसिंगची पानं याच पद्धतीने करून घ्यायचो. मागून एम-सीलचा थर द्या म्हणजे चेपणार नाही, आणि त्या ओल्या थरातच एक मोठी सेफ्टी पिन रुतवा. मधलं कडं नेलपॉलिशने रंगवा, गडद जांभळ्या-निळ्या, दोन हात. मीनाकामाची काचेसारखी चमक नेलपॉलिशने जशी येते तशी पोस्टर कलरने येत नाही. पाकळ्यांनाही तेच, लाल, पण आधी खाली चंदेरी कागद लावा. मीनाच्या खालून धातू चमकतो म्हणून तो लाल जिवंत दिसतो.

जेली_आणि_झोत (मिरज)

वृंदाताई, प्रकाशयोजना करणाऱ्याचे दोन शब्द. दरबाराच्या प्रवेशाला आमच्यातले बहुतेक जण डोळे झाकून ॲम्बर (पिवळट नारिंगी उजेड) मारतात. त्या उजेडात मास्तरांची जांभळट निळी फीत काळी पडेल आणि दिल्लीच्या पदकाची फिकट निळी फीत मळकट हिरवट दिसेल. एवढं जपून केलेलं काम दहाव्या रांगेला चिखल दिसेल.

कापड घेताना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. अर्धा मीटर आणा, तालमीच्या हॉलवर मी एक लाइट लावतो, त्याखाली बघू. फीत एक छटा उजळ घ्या. माझ्या बाजूने दरबाराला समोरून ॲम्बर हलका ठेवून विंगेतून एक बिनजेलीचा (रंगीत कागद न लावलेला) झोत देईन, तो फक्त छातीच्या उंचीवर. ॲल्युमिनियमच्या किरणांना तो तिरका लागला की तारा नटाच्या श्वासाबरोबर हलेल. टिकल्या आणि खडे मात्र अजिबात नकोत. त्या झोतात ते परीक्षकांच्या डोळ्यांत जातील आणि किताब लग्नातल्या ब्रोचसारखा दिसेल.

वृंदा_वेशभूषा

सगळ्यांचे मनापासून आभार. लेखकाने ‘सर सदाशिव’ खोडलं. रावबहादुरांचं पदक काढल्यावर त्या नटाने स्वतःच विचारलं की मग मी दिवाणाच्या छातीकडे बघत राहू का, आणि दिग्दर्शकाने तो क्षण ठेवला.

आता लेखकाला नवीनच सुचलंय. त्याने कुठेतरी वाचलं की राजा वारला की ही मानचिन्हं सरकारला परत करावी लागायची. त्याला शेवटचा प्रवेश असा करायचाय: राजेसाहेब गेलेत, एजंट येतो आणि तरुण युवराजांकडून पेटी मागून घेतो. मास्तर, हे खरं आहे का?

रेखाकला_मास्तर

प्रवेश म्हणून फार ताकदीचा आहे, आणि गोष्ट खरीही आहे, पण वरच्या वर्गासाठी. जी.सी.एस.आय.ची सोन्याची कॉलर आणि हिरेजडित मानचिन्हं वारसांनी परत करायची असा किताबाचा नियमच होता. वस्तू राजाच्या अंगावर, मालकी सिंहासनाची. हे समजलं की त्या फोटोतली जाड साखळी वेगळीच दिसायला लागते.

तुमच्या राजेसाहेबांना कॉलर नाही आणि हिरेही नाहीत. त्यांच्या चांदीच्या ताऱ्यासाठी एजंट दारात उभा राहिलेला दाखवणं मी तरी करणार नाही. आपण पट्टा काढला, ‘सर’ काढला, रावबहादुरांचं पदक काढलं. एवढं नेमकं केल्यावर शेवटच्या प्रवेशात ढील दिली तर सगळंच खोटं वाटेल.

लेखकाला ती कल्पना सोडवत नसेल तर तिला जागा आहे. ती दुसऱ्या अंकात, संवादात आणा. राजेसाहेब दिल्लीत बघितलेल्या शेजारच्या महाराजांच्या कॉलरचं वर्णन करतायत, कमळं, गुलाबं, ताडाची पानं, एकेक. वर्णन संपेपर्यंत एजंट थांबतो आणि शांतपणे सांगतो की ती कॉलर त्या घराण्याची नाही, महाराजांनंतर ती लंडनला परत जाईल. मग राजेसाहेबांना ठरवू दे की अजूनही हवी आहे का. यात एकही गोष्ट खोटी नाही आणि पेटीच्या प्रवेशात जे म्हणायचं होतं ते जिवंत माणसाच्या तोंडावर म्हटलं जातं.

कॉलरचं वर्णन नटाला पाठ करायला सोपं जावं म्हणून क्रम लिहून देतो: मधोमध मुकुट, त्याच्या दोन्ही बाजूंना कमळ, मग आडव्या बांधलेल्या ताडाच्या दोन फांद्या, मग लाल-पांढरं गुलाब, आणि पुन्हा तेच खांद्यांवरून मागे. ‘इंडियन एम्पायर’च्या कॉलरमध्ये हत्ती आणि मोर असतात. नटाने चुकून हत्ती म्हटलं तर तो धाकट्या किताबाबद्दल बोलतोय असं होईल, तेवढं सांभाळा.

फितीचं कापड घ्यायला जाल तेव्हा साटीन घेऊ नका. उजेडात पाण्याच्या लाटा उमटल्यासारखं दिसतं ते मॉयरे रेशीम मिळालं तर बघा, पडद्याच्या कापडाच्या दुकानांत त्याचा पॉलिएस्टर प्रकार मिळतो. रुंदी दीड इंच पुरे. तालमीआधी ताऱ्याचा फोटो इथे टाका, किरणांची खोली बघून सांगतो.